मारुती ८०० (१९९८, कार्बोरेटर): उन्हात ३० किलोमीटरवर बंद पडते, थंड झाली की चालू होते. पेट्रोल लाइन कशी तपासायची?

वर्धारोड_८००

नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, इंजिनवर बसलेला मेकॅनिकल पेट्रोल पंप. गाव नागपूर.

तक्रार अशी: सकाळी सहा-सातला कुठेही न्या, काही त्रास नाही. दुपारी वर्धा रोडने निघालो की खापरी, जामठ्यापर्यंत ठीक. बुटीबोरीच्या आसपास ७०-७५ च्या वेगात आधी बारीक झटके, मग पिकअप जातो. पाय उचलला, ४० वर आणली की थोडी सावरते. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच, आणि शेवटी बंद. मग सेल्फ कितीही मारा, घेत नाही. बॉनेट उघडून १५-२० मिनिटं उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. गावात मात्र स्लो (पाय न दाबता इंजिनची चाल) व्यवस्थित आहे.

आतापर्यंत झालेलं काम: चारही नाही, तीनच सिलिंडर आहेत, तर तिन्ही प्लग नवे, प्लग वायर नव्या, कार्बोरेटर दोनदा साफ, कूलंट ताजं. टेम्परेचरचा काटा मध्याच्या वर जात नाही. मेकॅनिक म्हणतात ‘व्हेपर लॉक आहे, इलेक्ट्रिक पंप टाकून देऊ’. पंपावर खर्च करण्याआधी नक्की कुठे अडतंय ते कळायला हवं. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आहे, पारा ४५ च्या पुढे जातो आहे, आणि गाडी रोज लागते.

---

फ्लोटनीडल

भाऊ, लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे अर्धं काम झालं. ‘पाय उचलला की सावरते’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कॉइल किंवा इग्नायटर (ठिणगी तयार करणारे भाग) गरम होऊन मेला तर गाडी बटन बंद केल्यासारखी एकदम मरते. तुमची हळूहळू उपाशी मरते आहे.

हिशेब बघा. ७५-८० च्या वेगात १६ चा अॅव्हरेज धरला तर तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ८० मिली पेट्रोल लागतं. स्लोवर मिनिटाला १० मिलीच्या आसपास. लाइन अर्धी बुजली असली तरी गावात काहीच कळणार नाही, कारण तेवढं पेट्रोल कशीही लाइन देते. कार्बोरेटर दोनदा साफ होऊनही फरक पडला नाही तो यामुळेच. अडचण कार्बोरेटरच्या आधी आहे.

आता ‘व्हेपर लॉक’ या शब्दाबद्दल. हा शब्द चुकीचा नाही, पण तो आजार नव्हे, लक्षण आहे. पेट्रोल पाण्यासारखं एका ठराविक तापमानाला उकळत नाही. त्यातला हलका भाग ३५-४० अंशांपासूनच वाफ व्हायला लागतो. मेकॅनिकल पंप पुढे इंजिनवर, टाकी मागे आणि खाली. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचं सगळं पेट्रोल ओढलं जातं, ढकललं जात नाही. ओढलं की त्या नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. फिल्टर चोंदलेला, नळी आतून फुगलेली किंवा टाकीची जाळी भरलेली असेल, तर पंप जास्त जोराने ओढतो, दाब आणखी पडतो, वर डांबराची झळ. मग पंपात पेट्रोलऐवजी वाफ येते आणि डायफ्रॅम (पंपातला हलणारा पडदा) नुसता वाफेवर हलत राहतो. याच गाड्या नव्या असताना याच विदर्भात याच मे महिन्यात धावत होत्याच. म्हणून ऊन हे निमित्त धरा, आणि ओढणाऱ्या बाजूला काय अडलंय ते शोधा.

तपासणी या क्रमाने करा, क्रम मोडू नका.

चालत्या गाडीत: झटके सुरू झाले की चोक थोडा, पाव भाग ओढा. गाडी सावरली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय हे पक्कं. आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे दिशा वेगळी.

बंद पडल्या क्षणी, थंड व्हायच्या आत: सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. आत हवा ओढल्याचा ‘सूऽऽ’ असा लांब आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर झाकणाची झडप किंवा टाकीचा ब्रीदर (हवा आत यायची वाट) बंद आहे. पेट्रोल गेलं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत निर्वात होतो आणि पंप हरतो. मग एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात बघा आणि थ्रॉटल हाताने एकदा पूर्ण उघडा. पेट्रोलची बारीक, सरळ धार उडाली तर फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे, तेव्हा करंटकडे वळा. धार नाही, किंवा नुसता फुसका थेंब, तर वाटी रिकामी. कार्बोरेटरच्या बाजूला फ्लोटची गोल काच असते, तिच्यातही पेट्रोलची रेघ दिसते का बघा. नीट असेल तर ती मधल्या खुणेपाशी दिसते.

हे बघितल्यावर पंपावर ओलं फडकं ठेवा, दोन-तीन मिनिटं. फडकंच ठेवा, पाणी ओतू नका. डेल्कोत (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये) पाणी गेलं तर दुसरं दुखणं मागे लागेल. फडक्याने दोन-तीन मिनिटांत चालू झाली तर वाफ. फडकं ठेवून काही फरक नाही आणि आपल्या चालीने १५ मिनिटांनीच घेतली, तर टाकीतला कचरा जाळीवर चिकटतो आणि ओढ थांबली की खाली बसतो, असा प्रकार असू शकतो. ही दोन्ही लक्षणं बाहेरून अगदी सारखी दिसतात. लोक फसतात ते इथेच.

घरी, मोजमाप: कार्बोरेटरला जाणारी पेट्रोलची नळी काढा, तिला हातभर लांब नळी जोडून तोंड बॉनेटच्या बाहेर, जमिनीवर ठेवलेल्या मापाच्या बाटलीत सोडा. कॉइलकडे येणारी इग्निशनची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. एकाने १५ सेकंद सेल्फ मारायचा, दुसऱ्याने बाटली बघायची. एकदा सकाळी थंड इंजिनवर, एकदा दुपारी गाडी फिरवून आणल्यावर. कंपनीचा आकडा शोधत बसू नका, तुमच्या गाडीचा थंड आकडा आणि गरम आकडा यांतला फरकच उत्तर देतो. पेट्रोल ठोके देत जोराने यायला हवं. बुडबुड्यांची फेसाळ धार आली तर लाइन एअर घेते आहे किंवा आत वाफ होते आहे. काम उघड्यावर, सावलीत करा. जवळ विडी-सिगरेट नाही, मोबाइल चार्जर नाही, अग्निशामक सिलिंडर हाताशी. गरम इंजिनवर पेट्रोल सांडू देऊ नका.

हे आकडे आणा, मग पुढे बोलू. तोवर इलेक्ट्रिक पंप घेऊ नका.

---

डेल्को_आणि_पॉइंट

वरचं सगळं मान्य. दोन गोष्टी जोडतो, म्हणजे करंटची बाजू कायमची बाद करता येईल.

एक जास्तीचा प्लग गाडीत ठेवा. बंद पडली की एक प्लग वायर काढून त्यात तो घाला, प्लगची लोखंडी कड इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. हे पेट्रोलच्या नळ्या जागेवर घट्ट असतानाच करा, बाटलीच्या तपासणीसोबत कधीच नाही. निळी-पांढरी, कडक आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मधूनच गायब असेल तर डेल्कोत पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आहेत का बघा. असतील तर कंडेन्सर, इलेक्ट्रॉनिक असेल तर इग्नायटर, आणि दोन्हीकडे कॉइल. कॉइल हाताला सहन होत नाही इतकी तापली असेल तर तिच्यावर संशय ठेवायला हरकत नाही.

दुसरं, कार्बोरेटरवर एक वायर जाणारा छोटा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असतो. चावी ऑन केली की ‘टक्’ वाजतो. तो गरम होऊन सुटला तर स्लो जातो, पण रेस दिली की गाडी चालते. तुमची तक्रार नेमकी उलटी आहे, म्हणून तो बहुतेक निर्दोष. तरी दोन सेकंदांचं काम आहे, वाजवून बघा.

आणि गाडी पळवून सिग्नलला किंवा दुकानासमोर पाच-दहा मिनिटं बंद ठेवली, मग सेल्फ घेत नाही आणि पेट्रोलचा वास येतो, असं कधी होत असेल तर ते वेगळं प्रकरण. तिथे वाटीतलं पेट्रोल उकळून कार्बोरेटरच्या घशात सांडतं. तेव्हा अॅक्सिलरेटर पंपासारखा मारायचा नाही. तो तळापर्यंत दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा, पाच-सात सेकंदांत जास्तीचं पेट्रोल निघून जातं. कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर तडकलेला असला किंवा कोणी काढून पातळ पॅकिंग टाकलं असलं तर हे वाढतं.

---

वर्धारोड_८००

मनापासून आभार. काल दुपारी बुटीबोरीच्या अलीकडे बंद पडली तेव्हा सगळं क्रमाने केलं.

चोक ओढल्यावर सावरली, साधारण एक किलोमीटर चालली. झाकण उघडल्यावर आवाज जेमतेम, फरक काही नाही. घशात धार नाही, एक थेंब ओघळला. ठिणगी निळी, कडक. ओलं फडकं ठेवल्यावर तीन-चार मिनिटांत चालू झाली.

मोजमाप: थंड इंजिनवर १५ सेकंदांत ६० मिली. गरम असताना २० मिली, तेही फेसाळ. सोलेनॉइड वाजतो. इंजिनजवळचा फिल्टर मागच्याच वर्षी बदलला आहे.

मग पंप गेला असं समजायचं का?

---

फ्लोटनीडल

अजून नाही. थंड असताना ६० मिली ठोके देत येतंय, म्हणजे डायफ्रॅम आणि झडपा बऱ्यापैकी काम करताहेत. तरी पंपाची एक परीक्षा लगेच करून टाका. इंजिन ऑइलची काडी काढा, वास घ्या. ऑइल पातळ, पेट्रोलचा वास, आणि पातळी वर चढलेली दिसली तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल सम्पमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) जातंय. तसं असेल तर गाडी चालवू नका, बेअरिंग खाईल. पंपाच्या अंगावरच्या छोट्या भोकातून ओल येत असेल तरी तोच अर्थ.

काडी कोरडी शुद्ध निघाली तर मागे चला. पंपाला येणारी नळी काढा, टाकीचं झाकण उघडं ठेवा आणि त्या नळीतून सायकलच्या पंपाने हळूच हवा सोडा. कॉम्प्रेसर नको, टाकीच्या जोडांवर जोर येतो. जवळजवळ विनासायास टाकीत गुडगुड ऐकू यायला हवी. दाबावं लागलं, तर अडथळा टाकी ते पंप याच पट्ट्यात आहे. हवा सोडल्यावर दिवसभर गाडी चांगली चालली आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, तर टाकीच्या जाळीवर कचरा आहे.

नंतर रबरी तुकडे. मधली लाइन लोखंडी असते, पण दोन्ही टोकांना, टाकीपाशी आणि इंजिनपाशी, रबरी नळी असते. इंजिनजवळची सगळे बदलतात, टाकीजवळची कोणी बघतच नाही, कारण गाडी उचलून खाली आडवं व्हावं लागतं. ती बाहेरून ठणठणीत दिसेल. हाताने दाबून बघा: लोण्यासारखी मऊ किंवा लाकडासारखी कडक, दोन्ही वाईट. ओढणाऱ्या बाजूला तडा असेल तर पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली ओल नाही म्हणजे नळी चांगली असं धरू नका. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर तात्पुरता लावला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

परतीची नळीही बघा. या पंपाला तीन तोंडं असतात: आत, बाहेर आणि टाकीकडे परत. परतीच्या वाटेने थोडं पेट्रोल सतत फिरत राहतं, त्यामुळे पंप थंड राहतो आणि वाफ मागे निघून जाते. कोणी ती नळी स्क्रू ठोकून बंद केली असेल तर उन्हाळ्यात हे होणारच. गाडीला कधी एलपीजी किट बसलं होतं का? किट काढताना पेट्रोल लाइनमधला सोलेनॉइड तसाच राहून जातो, तोही वाट अडवतो.

---

ताकवाटी

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो: पेट्रोलच बदललं आहे. २०२३ पासून पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच आहे. १९९८ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. इथेनॉलने जुनी नळी आतून फुगते, अस्तर सुटतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर विरघळून फिल्टरकडे येतो. म्हणून जुन्या गाडीत ई२० सुरू झाल्यावरचे पहिले एक-दोन फिल्टर लवकर चोंदतात. मागच्या वर्षी बदलला होता, या हिशेबावर राहू नका, आता पुन्हा बदला. बाण कार्बोरेटरच्या दिशेने.

नळी घेताना जुना तुकडा सोबत न्या आणि आतला व्यास जुळवा. नुसतं ‘पेट्रोल पाइप’ मागू नका, इंजेक्शन गाड्यांची नळी मागा, तिच्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं. इथेनॉल ती सोसते. पारदर्शक प्लॅस्टिक नळी कायमची लावू नका, दोन उन्हाळ्यांत ती काचेसारखी तडकते. क्लिप गोल आवळणारी घ्या, तारेची नको.

शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. इंजेक्शन गाडी सेन्सरने पेट्रोल वाढवून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. ई२० वर मिश्रण साधारण सात-आठ टक्के पातळ होतं. लाइनचं काम झाल्यावर स्लोचं मिश्रण पुन्हा लावून घ्या. आधी नाही, नाहीतर चुकीच्या गोष्टीवर ट्यूनिंग होईल.

आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी इथेनॉल ओढून घेतं. पावसाळ्यानंतर कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी दिसते ती याचीच.

---

कोराडीकर_झेन

मध्येच विचारतो, इंजेक्शनवाल्या जुन्या गाडीतही असंच होत असेल तर हीच पद्धत?

---

फ्लोटनीडल

नाही, आणि बाटलीची तपासणी तर अजिबात करू नका. तिथे पंप टाकीत असतो, लाइनमध्ये ३ बारच्या आसपास दाब असतो, नळी काढली तर पेट्रोल तोंडावर उडेल. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, मगच लाइन उघडायची आणि गेज लावायचा. चावी ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते का, ही पहिली खूण. उन्हाळ्यात टाकी पावभागाच्या खाली नेऊ नका, तो पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

---

वर्धारोड_८००

सापडलं. ऑइलची काडी स्वच्छ, पातळी बरोबर. परतीची नळी मोकळी. सायकल पंपाने हवा सोडायला चांगलाच जोर लागला. गाडी रॅम्पवर घेतली, टाकीजवळची रबरी नळी काढली. बाहेरून काळीभोर, एक तडा नाही. ब्लेडने उभी चिरली तर आतलं अस्तर एका बाजूने सुटून जिभेसारखं आत लोंबत होतं, बोटाला काजळी लागत होती. थोडं ओढलं की वाट उरते, जोराने ओढलं की ती जीभ आडवी येते. ७० च्या वर झटके आणि ४० वर सावरणं का होत होतं ते एका नजरेत कळलं.

दोन्ही टोकांच्या नळ्या आर९, क्लिप, फिल्टर, सगळं नवं. गरम इंजिनवर आता १५ सेकंदांत ५५ मिली, फेस नाही. आज दोन वाजता बुटीबोरीच्या पुढे जाऊन आलो, ८० वर एकही झटका नाही. इलेक्ट्रिक पंपाचा विषय सोडून देऊ ना?

---

फ्लोटनीडल

सोडून द्या. पुढे कधी लावायचाच झाला तर तो टाकीजवळ लावायचा म्हणजे पेट्रोल ढकललं जाईल. बॉनेटखाली लावलेला पंप हीच ओढाओढ करत बसतो. दाब ३ ते ५ पीएसआयचाच घ्या, जास्त झाला तर फ्लोटची सुई धरत नाही आणि कार्बोरेटर ओसंडतो. रिले अशी जोडा की इंजिन थांबलं की पंप थांबेल, अपघातात तो चालू राहता कामा नये.

एक काम राहिलं. सुटलेल्या अस्तराचे तुकडे लोखंडी लाइनमध्ये आणि पंपाच्या झडपांपाशी असणार. ५०० किलोमीटरनंतर फिल्टर काढून पांढऱ्या कागदावर उलटा झटका. काळे कण निघाले तर तो बदला, आणि पुढच्या ५०० ला परत बघा. कण थांबले की मग स्लोचं मिश्रण लावून घ्या.